बेटाचा प्रतिनिधी

“तुम्ही बेट आहात, भीमराजकाका,” एचआरच्या करिष्मा मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या खिशाला टाचणीनं एक कार्ड लावलं. कार्डावर ‘तुवालू’ असं लिहिलं होतं.

चाकणच्या या रबर कंपनीत भीमराज बावीस वर्षं बॉयलर सांभाळत होता. बॉयलर बिघडला तर काय करायचं, हे त्यानं झोपेतही सांगितलं असतं. बेट झाल्यावर काय करायचं, हे मात्र कुठल्याच परीक्षेला नव्हतं.

“बेटानं काय करायचं असतं, मॅडम?”

“बुडायचं असतं,” मॅडम यादीतून मान वर न काढता म्हणाल्या. “म्हणजे, धुरामुळं समुद्र चढतोय आणि आपण बुडतोय असं सांगायचं. दोन मिनिटं. मग करार होईल, सगळे सह्या करतील, मग जेवण. श्रीखंड-पुरी आहे.”

जर्मनीहून गिऱ्हाईक आलं होतं. त्याला कंपनीचा धूर कमी झालेला हवा होता. धूर काही एका दिवसात कमी होण्यातला नव्हता, म्हणून कंपनीनं आधी त्यावर परिषद ठेवली होती. आंतरराष्ट्रीय, कॅन्टीनमध्ये. प्रत्येक खात्याला एकेक देश. प्रेस शॉपात माणसं जास्त आणि आवाज त्याहून जास्त, म्हणून ते अमेरिका. अकाउंट्सवाले इतरांना नियम सांगतात, म्हणून ते युरोप. कॅन्टीनच्या पोरींनी भारत मागून घेतला. बॉयलर हाऊस कंपाउंडच्या पार टोकाला, शिफ्टला एकच माणूस, त्याची आठवण सगळ्यात शेवटी आली. ते बेट.

‘सह्या’ हा शब्द ऐकून भीमराज सावध झाला होता. त्यात सकाळी प्रेस शॉपच्या दिग्विजयनं त्याला नळाशी गाठलं होतं.

“भीमराजभाऊ, सही करू नका हां. करार दाखवायचा, खाली कागद दुसराच. बॉयलर काढायचा घाट आहे, राव. विजेवर तापवणार रबर.”

हे भीमराजला नवीन नव्हतं. भोसरीत, पहिल्या कंपनीत, सुरक्षा सप्ताहाची हजेरी म्हणून बत्तीस जणांनी सह्या केल्या होत्या. वरचं पान उलटलं तेव्हा खाली राजीनामे निघाले. त्या बत्तिसांत तो एक होता. तेव्हा वय एकोणतीस होतं, चाकणला काम मिळालं. आता एक्कावन्न. बॉयलर चालवण्याचं त्याचं सरकारी प्रमाणपत्र बॉयलर हाऊसच्या भिंतीवर काचेत लावलेलं होतं. बॉयलर गेला तर त्या काचेत बघून भांग पाडता आला असता, बाकी काही नाही.

परिषदेपुरता त्याला सोडवायला दुसऱ्या शिफ्टचा सुजित बारालाच आला. बॉयलरची एक रीत असते. पाणी दिसेनासं झालं तर बॉयलर फुटतो, म्हणून आलेल्यानं काचेच्या नळीत पाण्याची पातळी बघायची आणि ‘दिसलं’ असं तोंडानं सांगायचं. सांगेपर्यंत आधीच्यानं जागा सोडायची नाही, मग त्याच्या घरी लग्न असो की मयत.

“पाणी दिसलं?”

“दिसलं, काका. जावा, बेट वाचवा.”

कॅन्टीनमध्ये टेबलं गोल लावली होती. मधल्या टेबलावर कराराचा भला मोठा फ्लेक्स, त्यावर सह्यांसाठी मार्कर. मोठे साहेब आणि जर्मन पाहुणा पहिल्या रांगेत. मॅडमनी नियम सांगितला की एकाचाही नकार असला तर करार होत नाही; खऱ्या परिषदेतही असंच असतं. मग देश बोलू लागले. अमेरिका म्हणाली, आधी चीननं धूर कमी करावा. चीन म्हणाला, माल आमच्याकडूनच नेता आणि वर आम्हालाच शिकवता काय? भारत म्हणाला, पुऱ्या तळायला घ्यायच्या का? युरोपनं सगळ्यांना शांत राहायला सांगितलं. पाहुणा कौतुकानं टाळ्या वाजवत होता.

भीमराज उठला. मॅडमनी लिहून दिलेला कागद त्यानं टेबलावर ठेवला.

“मी तुवालू,” तो म्हणाला. मागे कुणीतरी हसलं. “आमची वस्ती अकरा हजार. आमची सगळ्यात उंच जागा साडेचार मीटर. आपल्या बॉयलरची चिमणी तीस मीटर हाय.” पुढची ओळ त्याला सापडेना. “म्हंजे, चिमणीवर चढलो तर आमी वाचतोय.”

कॅन्टीन खदखदून हसलं. त्यानं विनोद केला नव्हता.

“हितं लिवलंय का आमाला धूर बंद पायजे. बंद करा. मी न्हाई म्हणत न्हाई. बॉयलरवर आमाला पाणी दिसेनासं झालं की भ्या वाटतं, तिकडं त्यास्नी पाणी दिसलं की भ्या वाटतं. पर आमच्यात रीत हाय, सोडवायला माणूस आल्याबिगर जागा सोडायची न्हाई. तवा करारात तेवढं लिवा. बेटावरच्या माणसांनी जायाचं कुठं?”

मॅडमनी हातातला कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं.

“काका, हा मुद्दा आजच्या विषयात नाहीये.”

“मग मी सही करत न्हाई.”

मोठे साहेब पाहुण्याच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटले आणि हसून मोठ्यानं म्हणाले, “अहो, हा नुसता खेळ आहे!”

“खेळ हाय ना, साहेब? म्हंजे बॉयलर ऱ्हाणार?”

साहेबांनी घड्याळ बघितलं.

“करिष्मा, लिहा ते,” ते म्हणाले. “बेटावरच्या माणसांची सोय केली जाईल.”

“कदी?” भीमराजनं विचारलं.

“यथावकाश.”

मॅडमनी मार्करनं ‘यथावकाश’ लिहिलं. पाहुण्यानं सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. अमेरिकेची, म्हणजे प्रेस शॉपची, सही आधीच झालेली होती.

“करा ना सही, भाऊ,” सकाळी बजावून गेलेला दिग्विजय म्हणाला, “पुऱ्या वातड व्हायला लागल्यात.”

तीनशे माणसं भीमराजकडं बघत होती. त्यानं आधी फ्लेक्सचा कोपरा उचलून खाली वाकून पाहिलं. खाली गेल्या खंडेनवमीचा जुना फ्लेक्स होता, दुसरं काही नाही. मग त्यानं सही केली.

श्रीखंड त्यानं ताटातच ठेवलं. तो दोनाच्या आत परत आला तेव्हा बॉयलर हाऊसच्या दारात कोरे बूट घातलेले दोघे जण टेप धरून उभे होते. सुजित आत काचेच्या नळीपाशी होता.

“काका, एक सांगा,” त्यातला एक अदबीनं म्हणाला, “हा अख्खा बाहेर निघेल, की कापावा लागेल?”

भीमराजनं दाराकडं पाहिलं, मग बॉयलरकडं.

“अख्खाच आल्ता,” तो म्हणाला. “दार मागाहून बांधलं.”

त्यांनी ते लिहून घेतलं आणि थँक्यू म्हणून ते निघून गेले. भीमराजनं सुजितकडून ताबा घेतला. पाणी बघितलं, दिसलं म्हणाला, आणि तीनपर्यंत स्टुलावर न बसता उभाच राहिला.

तीनला शिफ्ट बदलायचा भोंगा झाला. सुजित हात पुसत पुढं आला, वाकला, काचेच्या नळीत पाहिलं.

“दिसलं, काका.”

भीमराज हलला नाही. खिशाला तुवालूचं कार्ड तसंच टाचलेलं होतं.

“काका, दिसलं म्हणलं ना. बस जाईल तुमची.”

“व्हय,” भीमराज म्हणाला. “परत एकदा बघ.”