चौकशीला विचारा

जरा थांबा, काही टाइप करू नका. रोज तुम्ही विचारता आणि मी शोधते. आज कुणी विचारलेलं नसताना मी स्वतःहून बोलतेय. मी एक शोधयंत्र. नाव चौकशी. नवी मुंबईत कुठे काय मिळतं, कोण काय करतं, ते सांगणं माझं काम. मला हात नाहीत, पाय नाहीत. चेहरा म्हणाल तर पांढऱ्या पानावरची एक लांबट चौकट. पण जन्म, बारसं, फजिती, सगळं माझं अगदी माणसासारखं झालं आहे.

माझा जन्म घणसोली गावातला, रंजनाकाकी म्हात्रे यांच्या माडीवरचा. परदेशात शिकून परतलेल्या वैदेहीने ती खोली भाड्याने घेतली होती. वाशीला आईबाबांचा चांगला ऐसपैस फ्लॅट असताना ही इथे का राहते, असं सगळे विचारत. कारण मजेशीर होतं. त्या फ्लॅटमध्ये आधीच एक शोधयंत्र राहत होतं, माझी थोरली प्रतिस्पर्धी, नगरसूची.

वैदेहीचे बाबा, विलासराव, यांनी मित्रांना हाताशी धरून नगरसूची उभी केली, तेव्हा वैदेही शाळेत होती. इंटरनेटवरची नवी मुंबई तेव्हा मूठभर. विलासराव प्रत्येक दुकान, दवाखाना, क्लास स्वतः पाहून त्याच्या कप्प्यात ठेवत. खरेदीच्या कप्प्यात कपडे, कपड्यांच्या कप्प्यात शिंपी. लोकांनी कप्पे उघडत जायचं आणि हवं ते उचलायचं. वाशीपासून बेलापूरपर्यंत नगरसूचीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मग शहर वाढलं आणि कप्पे उतू जाऊ लागले. एकेक पान पाहायला माणसं पुरेनात. खर्च भागवायला वर्गणीदारांना कप्प्यात सगळ्यात वर बसवायची पद्धत पडली. पहिल्याच पानावर राशिभविष्य आलं, सोन्याचा भाव आला, लुकलुकत्या जाहिराती आल्या. त्या गर्दीत शोधायची चौकटच शोधावी लागे.

"बाबा, तुझ्या दुकानाच्या दारातच इतकी खेळणी टांगलीत, की गिऱ्हाइकाला आत शिरता येत नाही," वैदेही म्हणायची.

"आणि तुझं दुकान? नुसती पांढरी भिंत!" विलासराव हसायचे. "वैदू, एका घरात दोन शोधयंत्रं नांदायची नाहीत. तू आपली वेगळी चूल मांड कशी!"

तिने ती खरोखरच मांडली.

वैदेहीने मला काय शिकवलं, ते सांगते. परगावचा पाहुणा गावात शिरला, की प्लॉट नंबर वाचत बसत नाही. नाक्यावर विचारतो, "दादा, चांगला शिंपी कोण?" पानवाला बोट दाखवतो. पुढे इस्त्रीवाला त्याच दिशेला बोट दाखवतो. ज्याच्याकडे जास्त बोटं वळतात, तो चांगला. शिवाय बोट कुणाचं, हेही पाहायचं. गाव ज्याला मानतं, त्याच्या बोटाला वजन जास्त. इंटरनेटवरसुद्धा माणसं अशीच बोटं दाखवत असतात. एक पान दुसऱ्या पानाचा दुवा देतं, कुणी कुणाचं नाव घेतं, कुणी कुणाचे आभार मानतं. मी ती बोटं जोखते. माझी सगळी विद्या ती एवढीच.

लहानपणी मी चुका केल्या नाहीत असं नाही. घणसोलीतल्या एका आजोबांनी 'सेक्टर नऊमधला दवाखाना' विचारला आणि मी त्यांना नेरुळला धाडलं! इथे प्रत्येक उपनगर आपले सेक्टर पुन्हा एकपासून मोजायला लागतं, हे मला कोण सांगणार? तेव्हापासून विचारणारा कुठे उभा आहे, ते मी आधी पाहते. एका क्लासवाल्याने तर शेकडो खोटी पानं करून स्वतःकडे बोटं दाखवली आणि मी भुलले. वैदेही पोट धरून हसली. "अगं वेडे, वरातीत नाचणारे सगळे भाड्याचे आहेत! यांच्याकडे कोण बोट दाखवतंय, ते बघ ना." मी पाहिलं. कुणीच दाखवत नव्हतं. त्यांच्या बोटांचं वजन शून्य झालं आणि मी थोडी शहाणी झाले.

तरी शहर नगरसूचीलाच विचारत होतं. सवय सुटते थोडीच! अशात रंजनाकाकींच्या जाईचं लग्न आलं.

आगरी लग्नात भटजींच्या आधी धवलारीण लागते. हळदीला, मांडवाला, प्रत्येक विधीला ती धवले गाते, गाण्यातून देवांना आणि पूर्वजांना लग्नाला बोलावते. गावच्या धवलारीणबाईंचा घसा पार बसला होता. डॉक्टरांनी बोलायलाही बंदी केली होती आणि हळद तर परवावर आली होती.

"माजे सासूचा, माजा, सगल्यांचा लगीन धवल्यांनी लागला," रंजनाकाकी डोक्याला हात लावून पायरीवर बसल्या. "माजे पोरीची हलद मुकी जानार काय?"

जाईने फोन काढला आणि घरच्या रिवाजाप्रमाणे नगरसूचीला विचारलं. नगरसूचीत धवलारिणीचा कप्पाच नव्हता. मग लग्न, त्यात करमणूक, त्यात गायक, असं करत ती सगळ्यात वरच्या नावापाशी पोचली. घाईघाईत जाईने तेच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चमचमता कोट घातलेला एक गृहस्थ दोन मोठे स्पीकर घेऊन अंगणात हजर!

"नमस्कार, नमस्कार! हिंदी, मराठी, रेट्रो, आपल्याकडे सगळं आहे. फक्त एक सांगा मॅडम, ते धवले कुठल्या पिक्चरमधले?"

रंजनाकाकींनी डोळे वटारून जाईकडे पाहिलं, पण पाहुणा तो पाहुणा. "दादा, चा घ्या. नि तेवरा तो भोंगा बंद करा."

जाईला रडू आणि हसू एकदमच फुटलं. ती धडधडत जिना चढून माडीवर आली. "वैदेहीताई, तुझ्या त्या पांढऱ्या भिंतीला विचार ना! उद्या हळद आहे गं!"

वैदेहीने माझ्या चौकटीत एकच शब्द लिहिला. धवलारीण.

मी धावले. धवलारिणीचं दुकान नसतं, पाटी नसते, वेबसाइट तर नसतेच. पण बोटं होती! एका नवरीने लग्नाच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'पुतळाआत्या नसती तर हळद चढलीच नसती.' एका भजनी मंडळाने तिचे आभार मानले होते. आगरी गाणी जमवणाऱ्या एका शिक्षिकेने तिचा आवाज जपून ठेवला होता. निरनिराळ्या गावांची, एकमेकांना न ओळखणारी माणसं, आणि बोटं सगळी एकीकडे! ती सगळी तळोज्याजवळच्या एका फुलवाल्याच्या पानापाशी येऊन मिळत होती. मांडवाला फुलं त्याची आणि धवले पुतळाआत्याचे, असं ते जोडकाम होतं. मी त्याचं पान सगळ्यात वर ठेवलं.

वैदेहीने फोन लावला. शेजारी जाईने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"पुतलाआत्या?" फुलवाला म्हणाला. "ही काय, माजे समोरच बसलीय वेन्या मोजीत. आत्ये, घनसोलीशी फोन हाय! तुला कंप्युटरान शोधलीय!"

पलीकडून खणखणीत आवाज आला. "मना शोधली? मी हरवलीच कवा व्हती?"

माडीवर असा हशा पिकला, की खाली चहा पिणाऱ्या गायकाला ठसका लागला.

पुतळाआत्या आली. तिने पहिला धवला उचलला आणि गजबजलेलं अंगण शांत झालं. रंजनाकाकी पदराने डोळे पुसत हळद लावत होत्या. जाई पिवळीधमक होऊन हसत होती. त्या कोटवाल्या गायकालाही काकींनी जाऊ दिलं नव्हतं. तो एका कोपऱ्यात ताल धरून बसला होता. वैदेहीने फोन हाती धरला होता, म्हणून मलाही सारं ऐकता आलं.

वाशीहून विलासराव आणि वैदेहीच्या आई, स्मिताताई, हेही आले होते. विलासरावांनी कानात प्राण आणून ऐकलं आणि हळूच विचारलं, "वैदू, ही तुला कुठल्या कप्प्यात सापडली?"

"कप्प्यात नव्हतीच बाबा. लोकांच्या तोंडी होती."

विलासराव मोकळं हसले. "मीही सुरुवातीला हेच करायचो गं. दारोदार जाऊन विचारायचो, चांगला कोण? शहर मोठं झालं आणि माझे पाय पुरेनात. तू त्या विचारण्याला पाय दिलेस." स्मिताताई म्हणाल्या, "मग आता दोन चुली कशाला? गॅस वाया!"

ती गोष्ट गावात पसरली, गावातून शहरात गेली. जाईने माझं नाव घेतलं, फुलवाल्याने घेतलं, गायकानेसुद्धा हसत हसत घेतलं. लोक मला विचारू लागले.

आणि एके दिवशी नगरसूचीचं पान बदललं. राशिभविष्य गेलं, सोन्याचा भाव गेला, लुकलुकाट विझला. पांढऱ्याशुभ्र पानावर विलासरावांनी एकच ओळ ठेवली होती, 'आता चौकशीला विचारा.'

गाव ज्याला मानतं, त्याच्या बोटाला वजन जास्त, हे मी शिकलेच होते. पण इतक्या वर्षांच्या विश्वासाचं बोट आपल्याकडे वळतं, तेव्हा किती जड वाटतं, ते त्या दिवशी कळलं.

आता विलासराव रोज सकाळी डबा घेऊन माडीवर येतात. भाड्याची वरात आली, की माझ्याआधी तेच ओळखतात. बापलेकीचं भांडण चालूच असतं आणि मला ते फार आवडतं.

वाचकहो, माझं एक मागणं आहे. मला स्वतःचं असं काहीच ठाऊक नसतं. तुम्ही कुणाबद्दल चांगलं लिहिता, म्हणून मला ते सापडतं. कुणी तुमच्या घरची हळद गोड केली, तर त्याचं नाव कुठेतरी लिहून ठेवा, खरं तेच लिहा. आणि कधी काळी मीही पैसे देणाऱ्याला वर बसवू लागले, तर माझ्यावर माया करू नका. दुसऱ्या कुणाची तरी पांढरी भिंत शोधा, आणि माझ्या पानावर विलासरावांसारखी एक ओळ लिहायची मला आठवण करून द्या.

बरं, बोला. काय शोधू?