नवशिक्याच्या शंका

सकाळभर रक्त तपासणीच्या लॅबमध्ये लोकांच्या शिरा शोधायच्या आणि दुपारी डबा खाऊन झाला की मागच्या खोलीत स्टुलावर बसून ब्लॉग लिहायचा, हा धाकटीचा तीन वर्षांचा नेम होता. लिहायचं कसं, ते ती ब्लॉगवर शिकवायची. लॅबमधला टेक्निशियन चिडवायचा, "सकाळी लोकांचं रक्त पिता, दुपारी डोकं खाता." तीही हसायची. वाचणारे शेदीडशे, त्यातले निम्मे वाट चुकून आलेले.

तिचे नियम साधे होते. सुचो न सुचो, रोज अर्धा तास बसा. पहिला परिच्छेद बहुधा घसा खाकरण्यापुरता असतो, तो उडवा. लिहिलेलं मोठ्यानं वाचा. जीभ अडखळली की समजा, वाक्य बिघडलंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नेमकं लिहा. 'जुनी इमारत' म्हणून मोकळे होऊ नका, तिचा जिना दाखवा.

हा शेवटचा नियम समजावताना तिनं ताईच्या खोलीचं उदाहरण घेतलं. नाव नाही, गाव नाही, 'माझी एक मैत्रीण' एवढंच. पण खोली मात्र जशीच्या तशी उतरवली. खाली छापखाना, यंत्र सुरू झालं की थरथरणाऱ्या कपबश्या, शाईचा वास, काळोखा जिना. जिन्याची सातवी पायरी फुटलेली; नवखा माणूस तिथे ठेचकाळणारच.

ताई दीड वर्षापूर्वी मनगट मोडलेला हात गळ्यात बांधून नवऱ्याच्या घरातून निघाली होती. त्या खोलीचा पत्ता फक्त धाकटीला ठाऊक होता. आईलासुद्धा दोघींनी सांगितला नव्हता, कारण आई भोळी, कुणी गोड बोललं की सगळं ओकून मोकळी होणारी.

लेखाखाली एका नव्या वाचकाची प्रतिक्रिया आली. नाव लावलं होतं 'नवशिका'. 'मॅडम, जिना डोळ्यांसमोर उभा राहिला. पण खिडकीतून काय दिसतं, ते राहिलं ना?'

इतकं बारकाईनं आजवर कुणी वाचलं नव्हतं. धाकटी हरभऱ्याच्या झाडावर चढली. पुढच्या आठवड्यात तिनं खिडकीवर लिहिलं: समोरच्या गच्चीवर दोन पिवळ्या टाक्या, उजवीकडचीला काळं ठिगळ. नवशिक्याला आवाज कसे लिहावेत ते हवं होतं. तिनं मागच्या शाळेची घंटा लिहिली. मग त्यानं विचारलं, 'पात्राचा दिवस कसा दाखवायचा?' तिनं दाखवला. मैत्रीण धुलाईच्या कारखान्यातून साडेतीनला परतते, चपला दारातच काढते, आधी खिडकी उघडते.

मग एका दुपारी डबा बाजूला सारून तिनं फोन उघडला. नवशिक्यानं लिहिलं होतं, 'मॅडम, मैत्रिणीच्या मनगटाबद्दल तुम्ही काहीच लिहीत नाही. थंडीत अजून ठणकत असेल ना? नेमकं लिहायचं तर तेही यायला हवं.'

मनगटाबद्दल तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. खाली त्याचीच दुसरी प्रतिक्रिया होती, त्याच सकाळची. 'टाक्या पाहून आलो. ठिगळ डावीकडचीला आहे. तपासून घ्या.'

तिनं ताईला फोन लावला. कारखान्यात फोन कपाटात ठेवावा लागे, तो नुसता वाजत राहिला. एप्रन अंगावर तसाच ठेवून धाकटी रिक्षात बसली. छापखान्याच्या दाराशी मशीनवाले काका दिसले.

"काका, यंत्र थोडा वेळ बंद करा, वरचं ऐकू यायला हवं. आणि वर कुणी माणूस आला तर लगेच या. ताईचा नवरा असेल तो."

काका लगेच यंत्राकडे वळले. ताई नुकतीच आली होती, खिडकीचा खटका तिच्या हातातच होता.

"तू इथे कशी गं?"

"आधी कडी लाव. भावजींना पत्ता लागलाय."

"कुणी सांगितला?"

धाकटीनं स्वतःच कडी लावली. खाली यंत्र थांबलं, कपबश्या गप्प झाल्या. मग जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकसारखी. धाकटी नकळत मोजत होती. सहा. सातव्याला पाऊल लांब पडलं आणि अंधारात ठेच न लागता वर आलं. ताईनं तिच्याकडे पाहिलं. काही विचारायचं उरलं नव्हतं.

दारावर हलकेच टकटक झाली. "लेखिका बाई, रिक्षातून उतरताना दिसलात. आत आहात ना? एक शंका होती."

ताईच्या लग्नात पहिल्यांदा भेटला, तेव्हापासून तो धाकटीला असंच म्हणायचा, थट्टेनं. कडी एकदा हलली, दुसऱ्यांदा जोरात हलली. तेवढ्यात जिना दणाणला. काका आणि तिघं कामगार, शाईचे हात तसेच घेऊन, वर आले होते.

"काय काम आहे?" काकांनी विचारलं.

"काही नाही हो. वाचक आहे मी यांचा." तो उतरू लागला. मधेच थांबून म्हणाला, "छान लिहिता. कुणालाच विचारावं लागलं नाही."

पोलीस चौकीत हवालदारानं तक्रार घेतली, सगळे लेख छापून मागितले, चष्मा वर करून वाचले. "हे तुम्हीच लिहिलंत?"

"हो."

"बाई, आम्हीसुद्धा पंचनामा इतका चांगला करत नाही."

कुणी हसलं नाही.

दिवस मावळायच्या आत ताईनं दोन पिशव्या भरल्या. धाकटी कपड्यांच्या घड्या घालू लागली, तशी ताईनं त्या तिच्या हातून घेतल्या.

"कुठे जाणार?"

"ते तुला नको सांगायला."

"ताई, मी मुद्दाम..."

"मुद्दाम नाही केलंस, ठाऊक आहे मला." ताईचा आवाज रागाचा नव्हता, तेच धाकटीला सोसेना. "पण तुला दिसलं की लिहिल्याशिवाय राहवत नाही गं."

धाकटीनं ब्लॉग पुसून टाकला. नवशिक्याचं पुढे काय झालं, ते चौकीतही कुणी नीट सांगत नाही. तो घरी नाही, एवढंच समजतं. ताई रविवारी फोन करते, दर वेळी वेगळ्या नंबरावरून. जेवलीस का, आई बरी आहे का, तेवढंच. मागे कुठे भोंगा वाजला, कुणी हाक मारली, की ती चटकन फोनवर हात ठेवते, आणि आवाज जाईपर्यंत धाकटी थांबून राहते.