लुंबिनीतली बुंदी

मित्रांनो, मी झारा. लोखंडाचा, लांब दांड्याचा, तळहाताएवढाच पण भोकाभोकांचा. पांढुर्ण्याच्या बाजारात एका लोहाराने मला घडवलं. त्याने माझं एकेक भोक खिळा ठेवून, हातोडी मारून पाडलं, तेव्हा मला वाटायचं की हा मला फुकट घालवतो आहे. इतकी भोकं पडल्यावर आपल्यात राहणार तरी काय? पुढे बुंदी पाडायला लागलो तेव्हा समजलं, माझ्यातून जे खाली पडतं, तेच माझं काम.

मला विकत घेतलं सौंसरजवळच्या एका खेड्यातल्या कुसुमबाईने. तिचा नवरा उत्तम वीज खात्यात होता आणि ती गावच्या शाळेत दुपारचं जेवण शिजवायची. रोजच्या खिचडीत माझं काही काम नसे. पण पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी हे माझे दिवस! पहाटेच कढई चढायची. कुसुम बेसनाचं पातळ पीठ माझ्यावर ओतायची, दांडा कढईच्या काठावर ठकठक आपटायची आणि तेलात पिवळेधमक मोती पडायचे. झेंडावंदन संपलं की मुलं वहीचं पान फाडून द्रोण करायची आणि रांगेत उभी राहायची. “मॅडम, मले जास्त!” असा गलका व्हायचा. कुसुम मॅडम नव्हती, पण त्या दिवशी मुलं तिला मॅडम म्हणायची. तिला ते फार आवडायचं.

मग एका सव्वीस जानेवारीला एक गोष्ट घडली. काम आटोपून कुसुम घरी निघाली होती. मी तिच्या पिशवीतून डोकं बाहेर काढून होतो. वाटेत अंबाबाईंचं घर लागतं. संत्र्याचा बगीचा, दारात ट्रॅक्टर, गावात मान. त्यांचा नातू सौरभ तेव्हा पहिलीत होता. तो अंगणात कागदाचा द्रोण धरून उभा होता आणि अंबाबाई त्याला म्हणत होत्या, “ते आपण नाही खात, बेटा. टाक वासराच्या पुढे.”

मुलाने बुंदी टाकली. वासराने कागदासकट खाल्ली.

कुसुमने ते पाहिलं. अंबाबाईंनीही तिला पाहिलं. कुसुमचं घर बौद्धांच्या वस्तीत होतं, एवढंच त्या बुंदीचं वाईट होतं. घरी आल्यावर तिने मला घासलं, पुसलं आणि भिंतीवरच्या खुंटीला टांगलं. पुढच्या पंधरा ऑगस्टला तिने मला उतरवलंच नाही. शाळेत गोळ्या-बिस्किटं वाटली गेली. तिला कोणी कारण विचारलं नाही. माझ्या भोकांत हळूहळू धूळ बसली. एका कोळ्याने तर दोन भोकांना धरून जाळं विणलं.

वर्षं गेली. सौंसरच्या अक्षयने बसने नेपाळची यात्रा काढली. काशी, लुंबिनी, पोखरा, काठमांडू. लुंबिनी आहे म्हणून उत्तम आणि कुसुम निघाले, पशुपतिनाथ आहे म्हणून अंबाबाई आणि त्यांचे यजमान यशवंतराव निघाले. बसमध्ये स्वयंपाकाचं सामान होतं आणि अंकुश नावाचा आचारी होता. त्याच्याकडे झारा नव्हता. उत्तमने निघताना मला खुंटीवरून काढून दिलं. काशीपर्यंत मी पुऱ्या आणि भजी तळली. काम मिळालं म्हणून मी खूश होतो, पण हात परके होते.

सव्वीस जानेवारीला आम्ही लुंबिनीत होतो. धुकं इतकं की धर्मशाळेच्या फाटकापलीकडचं काही दिसेना. अक्षय म्हणाला, “परदेशात आहो तं का झालं? अंगणात राष्ट्रगीत म्हणू, गोडधोड करू. अंकुश, बुंदी कर.”

अंकुश म्हणाला, “बुंदी मले जमत नाही दादा. शिरा करतो.”

“शिऱ्याची कायची सव्वीस जानेवारी?” मागून कोणी तरी ओरडलं. “कुसुमबाई आहे ना! शाळेत तेच करत होत्या.”

सगळे कुसुमकडे वळले. ती शाल घट्ट ओढून म्हणाली, “मी नाही करत आता.”

अर्धी बस आमच्याच गावची. कारण त्यांना न विचारताही ठाऊक होतं. एकेक जण सरकला. कुसुम चुलीजवळ एकटीच बसून राहिली, आणि थोड्या वेळाने अंबाबाई काठी टेकत तिच्यापाशी आल्या.

“काहून नाही म्हणून राहिली, कुसुम?”

“तुम्हाले माहीत आहे, अंबाबाई.”

अंबाबाई खाली बसल्या. त्यांना बसायला वेळ लागला. “माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “वासराले चारली होती मी. पोरगं त्या दिवशी जेवलंच नाही. काहून टाकली, काहून टाकली, विचारत राहिलं. मले सांगता नाही आलं. माझी सासू करे, म्हणून मी केलं.”

“मले तेव्हा तुम्हाले आवाज द्यायचा होता,” कुसुम म्हणाली. “नाही दिला. घरी येऊन झारा टांगला.”

“मंग आता दे. बोल मले. ऐकाले बसली आहे मी.”

मित्रांनो, मला वाटलं आता ही सगळं बोलणार. तिच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं. पण तिने चुलीतली लाकडं पुढे सारली. मग तिने अंकुशला हाक मारली. “बेसन काढ रे. पाच किलो. साखर चढव.” आणि अंबाबाईंकडे न पाहता म्हणाली, “पाकापाशी बसा तुम्ही. एक तार आली की सांगा.”

अंबाबाईंनी पाकात चमचा बुडवला, थेंब दोन बोटांत धरून पाहिला. “आली,” त्या म्हणाल्या.

ठकठक, ठकठक! कुसुमचा हात सुरुवातीला अडखळला. पहिल्या घाण्याला शेपट्या फुटल्या. दुसरा गोल पडला. माझ्या अंगातून ते सोनं पडत होतं आणि मला माझं घर आठवत होतं.

धुक्यात सगळे उभे राहिले. हातात छोटे कागदी झेंडे. राष्ट्रगीत सुरू झालं, तसा धर्मशाळेचा नेपाळी राखणदारही टोपी काढून ताठ उभा राहिला. त्याला शब्द येत नव्हते. मग उत्तमने संविधानाची उद्देशिका म्हटली, न वाचता, पाठ. ‘बंधुता’ हा शब्द त्याने दोनदा म्हटला.

परात अंबाबाईंनी उचलली. कुसुम “राहू द्या, जड आहे” म्हणाली, तरी उचलली. आधी राखणदाराला दिली, मग सगळ्यांना. यशवंतरावांच्या हातावर ठेवली तेव्हा त्यांनी बायकोकडे पाहिलं, बुंदी रुमालात बांधली आणि ते बसकडे गेले. त्यांनी खाल्ली की नाही, मला ठाऊक नाही. अंबाबाईंनी मात्र सगळ्यांसमोर मूठभर खाल्ली. “वेलची कमी आहे,” त्या म्हणाल्या.

कुसुम हसली. “नेपाळची वेलची आहे, बाई. मी का करू?”

बस पोखऱ्याला निघाली तेव्हा अंबाबाई कुसुमच्या शेजारी येऊन बसल्या. मी सीटखालच्या टोपल्यात होतो. वरून कुसुमचा आवाज आला.

“सौरभले सांगजा आजचं.”

“तो कॉलेजात आहे आता. विसरला असन.”

“नाही विसरत लेकरं,” कुसुम म्हणाली.

अंबाबाईंनी पिशवीतून फोन काढला. इथे त्यांचा फोन लागत नव्हता. मग त्यांनी उत्तमचा मागितला, नेपाळी सिमवाला, आणि मोठ्याने, साऱ्या बसला ऐकू जाईल असं बोलू लागल्या, “हॅलो, सौरभ? मी आजी बोलून राहिली. तू मले एक गोष्ट विचारत होता लहानपणी…”

मित्रांनो, आमच्यासारख्या भांड्यांना जपणं सोपं आहे. घासा, पुसा, कामात ठेवा, आम्ही गंजत नाही. माणसांनाही जपा. आणि घरातल्या मोठ्यांनी कधी तुमच्या हातातला घास टाकायला लावला, तर सौरभसारखं “काहून?” विचारा. विचारत राहा. उत्तर यायला कधी कधी नेपाळपर्यंत जावं लागतं, पण ते येतं.