काचेवरचा अंगठा

"वहिनी, हा अंगठा कोणाचा?" मॅडमनी काच खिडकीच्या उजेडात धरून विचारलं.

वहिनींनी उत्तर द्यायच्या ऐवजी दोन्ही हात पुढे केले. हातात रबरी मोजे होते, आणि काच त्यांनी चिमट्याने आणली होती.

प्रयोगशाळेतलं काम तसं सरळ. वीज वाहणारा पारदर्शक लेप दिलेल्या काचेच्या पट्टीला वरून क्लिप लावायची, तांबं, इंडियम आणि सेलेनियम विरघळवलेल्या द्रावणात तिला अर्ध्याहून जास्त बुडवायची आणि अगदी मंद वीज सोडायची. हळूहळू काचेवर काळसर थर चढतो. त्याचेच पुढे सोलर सेल होतात. पण थर असा नाजूक, की काही विचारू नका. उघडं बोट आधी काचेला लागलं असेल, तर त्याचा तेलकटपणा जिथे बसला तिथे थर धरतच नाही. मग काळ्या काचेत बोटाची रेघन् रेघ उघडी पडते. लपवायची सोयच नाही.

हा ठसा खालच्या कोपऱ्यात होता. रुंद, पुरुषी, आणि मधोमध तिरपी चीर. वहिनींनी तो लगेच ओळखला. पत्र्याचं झाकण लागून ती चीर पडली, तेव्हा पट्टी त्यांनीच बांधली होती. त्यांचा नवरा याच खोलीत, याच भांड्यापाशी वर्षानुवर्षं काम करायचा. सगळे त्याला दादा म्हणायचे, म्हणून या वहिनी. मोजे घातले की बोटांना काही कळत नाही म्हणे! पठ्ठ्या खुशाल उघड्या अंगठ्याने काच धरायचा, बोलणी खायचा आणि "ती माझी सही आहे" म्हणून हसण्यावारी न्यायचा. मागच्या उन्हाळ्यात छातीत कळ आली आणि माणूस बसल्या जागी गेला. त्याच्या जागेवर वहिनी लागल्या.

मॅडमचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. पुढची काच त्यांनी स्वतः घासली, स्वतः बुडवली, दाराला आतून कडी लावून समोर बसून राहिल्या. काच बाहेर काढून धुतली, तर कोपऱ्यात अंगठा. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि हात साडीला पुसला, जणू त्यालाच काही लागलं होतं.

"दादांचाच आहे ना?" त्यांनी हळूच विचारलं.

वहिनींनी होकारार्थी मान हलवली.

मॅडम काही वाईट बाई नव्हत्या. पण ठशाच्या जागी वीज गळते, मोजमाप फुकट जातं, आणि वर उत्तर त्यांनाच द्यावं लागायचं. उद्याही असंच झालं तर द्रावण ओतून टाकायचं आणि भांडं आम्लाने घासून काढायचं, असं त्यांनी जड मनाने सांगितलं. द्रावण दादाच्या हातचं होतं. कमी पडेल तशी त्यात भर घातली जायची, पण मूळ त्याचंच. ते मोरीत गेलं की हेही गेले, एवढंच वहिनींना कळत होतं. घरी जाऊन त्या जेवल्या नाहीत.

सकाळी मॅडम यायच्या आधीच त्यांनी काच क्लिपला लावली. भांड्यातलं ढवळणं बंद होतं, तरी द्रावणावर एक बारीक वलय उठलं आणि काठापर्यंत गेलं. काच खाली सोडताना ती मध्येच जड झाली. खालून कोणीतरी धरली होती. वहिनींना भीतीपेक्षा राग जास्त आला.

"अहो, ऐका जरा. हे लोक तुम्हाला मोरीत ओतायला निघालेत. इतकं धरायचंच असेल तर वर धरा, क्लिपच्या खाली. तिथे द्रावण पोचत नाही, थर चढत नाही. कोणाला दिसायचं नाही."

काच एकदम हलकी झाली.

त्या दिवशीची काच आरशासारखी निघाली. मॅडमनी ती चारही बाजूंनी पाहिली, वहिनींच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोजमापाच्या खोलीत फोन करायला गेल्या. द्रावण राहिलं. वहिनींनी आनंदाने रडायला हवं होतं, पण त्यांना नुसतं रडू येत होतं. आपल्याच तोंडाने आपण माणसाला हाकललं की काय?

काचेच्या वरच्या पट्ट्यावर थर नव्हता. नितळ काच, तिच्यावर काय दिसणार? वहिनींनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. काचेवर श्वास सोडायचा नाही, हा इथला पहिला नियम. त्यांनी दार एकदा पाहिलं आणि पट्ट्यावर हाऽ करून वाफ सोडली.

पांढरट वाफेत, बरोबर क्लिपच्या खाली, अंगठा उमटला. तिरप्या चिरेसकट.

"लग्न झाल्यापासून सांगतेय, एक गोष्ट ऐकली नाहीत," त्या पुटपुटल्या, "आणि आता ऐकताय."

वाफ कडेकडेने विरत गेली, अंगठा शेवटी गेला. बाहेर मॅडमच्या चपला वाजल्या. वहिनींनी मास्क वर घेतला, काच डब्यात ठेवली आणि दुसरी उचलली. ती बुडवताना त्यांनी वर जरा जास्त जागा कोरडी सोडली.