पैठणीची केप

सिंगापुरात, नोव्हेनाच्या हॉस्पिटलात माझ्या जाईचा एमआरआय होता. आठ वर्षांच्या पोरीला दोनदा फिट आली होती आणि मला आठवडाभर झोप नव्हती.

सत्तर वर्षांपूर्वीच्या कॉमिकमधली एक टायपिस्ट तिची लाडकी. अंगात शक्ती वगैरे काही नाही, नुसता मुखवटा आणि केप घालून गुंडांशी लढणारी. तो वेश केल्याशिवाय मशीनमध्ये जाणार नाही म्हणून जाई हटून बसली, तेव्हा मी माझ्या लग्नातल्या पैठणीचा पदर कापून केप शिवली.

"एनी मेटल?" नर्सने विचारलं. मी ठामपणे "नो" म्हणाले. कानातले, पिना, सगळं घरीच काढलं होतं.

जाई दारापर्यंत गेली. पदरावरचे जरीचे मोर दिव्यात चमकले. जरीत धातूचीच तार असते की.

"वेट," मी ओरडले आणि धावत जाऊन केप ओढून काढली. आता ही रडणार, आत जाणारच नाही.

जाईने मुखवटाही काढला आणि माझ्या डोळ्यांवर चढवला.

"यू वेअर लाह, आई. तुझा फेस बघून मला भीती वाटते."