शेवटून पहिलं घर

बेट रोज चार बोटं धबधब्याकडे सरकत होतं, म्हणून बेटावरची माणसं रोज सकाळी आपापली घरं उचलून चार बोटं मागे आणून ठेवत. एका रांगेत एकोणीस घरं होती. विसाव्याला जागा नव्हती.

हेमांगीने हे होडीतूनच पाहिलं. चार माणसांनी चार कोपरे धरले की घर उठायचं. आत चूल पेटलेली असली तरी धूर सरळ वर जात राहायचा. तिने भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, त्यामुळे तिने आधी वहीत लिहिलं, ‘भिंती दगडी’, आणि मग पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं.

“बेटावर काही प्यायचं नाही,” वल्हं मारता मारता विश्राम म्हणाला. होडी त्याची होती.

“का?”

“तिथलं पाणी प्यालं की माणूस तिथलं होतं. मग त्याला घर लागतं.”

“मी वडिलांना न्यायला आलेय. राहायला नाही.”

“सगळे कुणाला तरी न्यायलाच येतात,” तो म्हणाला. “तासाभराने निघतो. उशीर करू नका.”

तीन महिन्यांपूर्वी अण्णा हे बेट मोजायला आले होते. मोजणी खात्यात पस्तीस वर्षं काढल्यावर न मोजलेली जमीन त्यांना बघवत नसे. पहिल्या आठवड्यात त्यांचं पत्र आलं, ‘लांबी जुळते, जागा जुळत नाही.’ त्यानंतर काहीच आलं नाही.

नदीच्या काठावर धबधब्याच्या आवाजात ओरडून बोलावं लागत होतं. हेमांगीने बेटावर पाऊल ठेवलं आणि तो आवाज थांबला. कुठल्यातरी घरात कुणी नारळ खवत होतं, तेवढं ऐकू आलं. समोर नदी अर्धा मैल रुंद होती आणि पट्टीने रेघ मारावी तशी एका जागी संपत होती. बेटही त्याच रेघेवर संपत होतं.

अण्णांचं घर रांगेत शेवटचं होतं. मागची भिंत आणि कडा यांच्यामध्ये एक वीत जमीन उरली होती. अण्णा पुढच्या पायरीवर बसले होते. हेमांगीला पाहताच ते उठले, आत गेले आणि फुलपात्रात पाणी आणि ताटलीत गुळाचा खडा घेऊन बाहेर आले.

त्यांच्या घरी बाहेरून आलेल्या माणसाशी आधी कुणी बोलत नसे. पोस्टमन असो की बांधावरून भांडायला आलेला शेजारी, आधी पाणी, मग बोलणं. हेमांगीनेही चोवीस वर्षांत हातात आलेलं फुलपात्र कधी परत केलं नव्हतं. तिने गूळ तोंडात टाकला आणि ती पाणी प्यायली. फुलपात्र रिकामं झाल्यावर दोघांनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं.

“अगं,” अण्णा म्हणाले.

“अण्णा, तुम्हाला माहीत होतं ना?”

“माहीत होतं गं. पण तू उन्हातून आलीस.”

नारळ खवण्याचा आवाज थांबला. घराघरांतून माणसं बाहेर आली. शेजारच्या घरातली चंद्राक्का पदराला हात पुसत पुढे झाली.

“प्यायली?”

“प्यायली,” अण्णा म्हणाले.

“गूळसुद्धा दिलात?”

“दिला.”

“म्हणजे पाहुणचारात काही कमी नाही हो तुमच्या,” चंद्राक्का म्हणाली. मागे कुणीतरी हसलं. मग ती हेमांगीकडे वळली. “नव्या माणसाचं घर वरच्या टोकाला असतं, पोरी. बाकीच्यांनी एकेक जागा खाली सरकायचं. अण्णांनंतर अठरा आले.”

“आणि शेवटच्याने?”

“त्यानेही.”

“मी परत जाते. आत्ताच जाते.”

हेमांगी धावत वरच्या टोकाला गेली. विश्राम होडीत बसून विडी ओढत होता. तिने होडीत एक पाय ठेवला. होडी काठोकाठ पाण्यात गेली. तिने पाय काढला, होडी वर आली. तिचं वजन चोपन्न किलो होतं आणि येताना याच होडीत तिच्याबरोबर तांदळाची दोन पोती होती. तिने दुसरा पाय ठेवून पाहिला.

“राहू द्या ताई,” विश्राम म्हणाला. “होडी जुनी आहे.”

ती परत आली तेव्हा माणसं अण्णांच्या घराशी जमली होती. कामाला खालूनच सुरुवात करावी लागे. वरचं घर आधी उचललं तर ते ठेवणार कुठे, हे हेमांगीला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

“माझ्या घरात अण्णा राहतील,” ती म्हणाली. “मी यांच्या घरात राहते.”

“मीही हेच म्हटलं होतं,” चंद्राक्का म्हणाली. “शेवटच्या घरात माझे यजमान होते. पण घर आपला माणूस आत असल्याशिवाय उठत नाही. करून बघितलं आम्ही. अठरा जण लागलो होतो.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“कोपरा धरला. दुसऱ्या कुणी धरण्यापेक्षा बरं.”

अण्णा तोवर आत जाऊन बसले होते. शेवटच्या घराला दोनच माणसं लागत, कारण पलीकडचे दोन कोपरे धरून चालायला जमीन नव्हती. उजवा कोपरा चंद्राक्काने धरला, डावा हेमांगीने. घर उठलं. ओल्या गोधडीपेक्षा ते जड नव्हतं.

“हेमे, डावं जरा वर घे,” अण्णा आतून म्हणाले. “पातळी जातेय.”

तिने डावं वर घेतलं. मागची भिंत कड्याबाहेर गेली. मग स्वयंपाकघर गेलं, मग मधली खोली. निम्म्याहून जास्त घर बाहेर गेलं की ते कलंडायला हवं होतं. हेमांगी त्या क्षणाची वाट पाहत होती. तो क्षण आला आणि गेला. घर कलंडलं नाही.

“चल, माझंही घर सरकवायचंय,” असं म्हणून चंद्राक्काने हात सोडला आणि ती निघून गेली. तिच्यामागोमाग बाकीचेही गेले. आता घराला थोडं थोडं वजन येऊ लागलं. ते सगळं हेमांगीच्या हातात येत होतं.

अण्णांनी मागचं दार उघडलं.

हेमांगीने पायांपुढे खाली पाहिलं. पाण्याच्या भिंतीला लागून घरं होती, एकाखाली एक, तुषारांत दिसेनाशी होईपर्यंत. सगळ्यांत वरच्या घराच्या अंगणात एका बाईने जुन्या लुगड्यावर पापड वाळत घातले होते. तिने मान वर करून अण्णांच्या घराचा तळ पाहिला आणि घाई न करता एकेक पापड उचलून जागा मोकळी करायला सुरुवात केली.

“किती जणं येताय?” तिने खालून विचारलं.

अण्णांनी दारातून मागे वळून हेमांगीकडे पाहिलं.