म्हणे

आमच्या कॉलेजातल्या अदितीने म्हणे मोठा शोध लावलाय. तिला मानसशास्त्र मी शिकवलं. दिघाशीच्या मठात तिला मीच नेलं, तिथली जुनी पोथीही मीच दाखवली. इतकी वर्षं मला त्या पोथीत नुसत्या ओव्या दिसल्या आणि हिला वर्षभरात लिहिणारा माणूस दिसला!

तिचा निबंध पुण्याच्या परिषदेला पाठवायचा की नाही, हे प्राचार्य सुधीर सरांनी माझ्यावर सोपवलं होतं. त्याआधी तिने तो सगळ्यांसमोर मांडावा असं ठरलं. खरं सांगते, मी नकार द्यायचा ठरवूनच गेले होते.

आमच्या वर्गाच्या खिडकीला लागूनच कापड विणणारे विजेचे लूम आहेत. त्या खडखडाटात शेजारच्याच्या कानातसुद्धा ओरडूनच बोलावं लागतं.

"लिहिण्यावरून माणसाचा स्वभाव कळतो," अदिती आवाज चढवून म्हणाली. "ही पोथी गुरूंनी एकट्याने लिहिलेली नाही. गुरू मोकळ्या मनाचे, स्वतःच्या चुकांवर हसणारे. पुढे एक शिष्य लिहू लागतो. नेटका, कष्टाळू, पण मनात धुमसणारा." तिने फळ्यावर दोन ओळी लिहिल्या: 'गुरू म्हणे, देव भेटला' आणि 'गुरूस म्हणे देव भेटला'. "पहिलं 'म्हणे' म्हणजे सांगतात. दुसरं शिष्याचं, आपल्या बोलण्यातलं. शेजारणीला म्हणे बढती मिळाली, तसं."

पहिल्या बाकावर मठ सांभाळणाऱ्या आक्का होत्या. त्या उसळल्या, "न्हाय गो बाय! गुरूच बोलतान ते. दुसरा कोन न्हाय."

"आक्का, तो वाईट नव्हता. गुरूंवर सगळ्यात जास्त जीव त्याचाच होता. देव आपल्याला सोडून त्यांना भेटला, एवढंच त्याला सोसलं नाही."

आक्कांनी पदराने डोळे पुसले. माझ्याशी बोलताना ही बाई कधी चहाच्या पुढे गेली नव्हती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी शेजारी बसलेल्या सुधीर सरांच्या कानाशी वाकले आणि घसा ताणून म्हणाले, "या पोरीला..."

तेवढ्यात लाइट गेली. सगळे लूम एकदम थांबले. माझं तोंड मात्र थांबलं नाही.

"...म्हणे माणसाचं मन कळतं!"

अख्ख्या वर्गाने ऐकलं. माना आधी माझ्याकडे वळल्या, मग फळ्याकडे. सुधीर सर चष्मा पुसत बसले. आक्का माझ्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांना आता तो शिष्य पटला होता.

एकट्या अदितीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने डस्टर उचललं आणि खालची ओळ पुसून टाकली. "ही पोथी वाचायला मला मॅडमनीच शिकवलं," ती म्हणाली. लूम बंद असल्याने तिला आवाज चढवावा लागला नाही.

मी तिथल्या तिथे होकार दिला. पण तिने ती ओळ माझ्यासाठी पुसली, हे मला अजून सोसत नाही.